पंप थांबवू का, असे विचारणाऱ्या आईस

पत्राचा गोषवारा : कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा असून त्याचे वजन ३० किलो आहे. गेल्या जानेवारीत सर्दी अंगात असतानाच तो करवीर तालुक्यातल्या काकांच्या गुऱ्हाळावर गेला, दिवसभर चुलवाणाजवळ खेळला, रात्री माळ्यावरून काढलेल्या वाकळीवर झोपला आणि दुसऱ्या रात्री त्याला इतकी धाप लागली की रुग्णालयात दाखल करावे लागले. रक्ताच्या तपासणीत इओसिनोफिल ९ टक्के निघाले. पाच दिवस प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या, रोज ३० मिलिग्रॅम याप्रमाणे, दिल्यानंतर डॉक्टरांनी दम्यासाठी बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा १०० मायक्रोग्रॅमचा पंप सकाळ-संध्याकाळ एकेक फवारा असा सुरू केला आणि धाप लागल्यास वापरण्यासाठी निळा पंप वेगळा दिला. गुढीपाडव्यापासून मुलाला एकदाही त्रास झालेला नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की, ‘पोराच्या अंगात शक्तीच नाही, ती वाढवायची सोडून ह्यो पंप कशाला लावून दिलास? सवय लागंल त्याला.’ दसऱ्यापासून पंप बंद करून प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा सुरू करावा, असे घरात ठरत आले आहे. सासऱ्यांना नातवाला तालमीत घालायचे आहे, आईला मात्र त्याची भीती वाटते. ‘स्टेरॉइडने उंची खुंटते म्हणतात, ते खरे का?’ असेही त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी ओझरता उल्लेख आहे की जूनमध्ये शाळा सुरू होताना आणलेला पंप अजून पुरतो आहे, त्यामुळे खर्चाची अडचण नाही.

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात सासूबाईंचे वाक्य डोळ्यांत भरले आणि दुसऱ्या वाचनात शेवटची ती ओझरती ओळ. त्या ओळीकडे मी नंतर येईन. आधी ‘अंगात शक्ती नाही’ या समजुतीबद्दल लिहितो, कारण तुमच्या घरातला सारा वाद तिच्यावर उभा आहे, आणि मला वाटते तुम्हीही ती मनातून मान्य केलेली आहे. छातीच्या रुग्णांमध्ये माझी बरीच वर्षे गेली. ‘डॉक्टर, याची प्रतिकारशक्ती वाढवायला काहीतरी लिहून द्या,’ हे दमेकरी मुलाच्या आईचे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे फार दिवस मनात होते.

तुमच्या मुलाच्या श्वासनलिकेला आतून एक नाजूक अस्तर आहे. त्यातल्या बहुतेक पेशींच्या टोकांवर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात आणि ते एका लयीत हलून धूळ व कफ घशाकडे ढकलत राहतात. मधूनमधून चिकट द्रव स्रवणाऱ्या पेशी असतात. या अस्तराखाली एक पातळ पडदा आणि त्याच्याही खाली नलिकेला वेढणारे स्नायू असतात. दम्यात स्नायू आवळले जातात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु ते आवळण्याच्या कितीतरी आधीपासून अस्तरात जे चाललेले असते, ते घरच्यांना दिसत नाही, आणि खरा आजार तोच आहे.

आता तुमच्या मुलाच्या रक्ताचा तो कागद समोर घ्या. इओसिनोफिल ही पांढऱ्या पेशींची एक जात आहे. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये या पेशींचे वर्णन केले आणि इओसिन या तांबूस रंगाला त्या धरतात म्हणून त्यांना हे नाव मिळाले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पोटात भगवट-लालसर दाणे खच्चून भरलेले दिसतात. त्या दाण्यांतली प्रथिने पेशींच्या आवरणाला भोके पाडू शकतील इतकी दाहक असतात. हे हत्यार शरीराने मुळात जंतांसारख्या मोठ्या शत्रूसाठी राखून ठेवले आहे, कारण जंत एखाद्या पेशीला गिळता येत नाही, त्याच्या अंगावर दारूगोळाच ओतावा लागतो. म्हणून सासूबाईंनी ‘जंत झाले असतील’ अशी शंका कधी काढली असेल तर तिला हसू नका. हाच आकडा जंतांमुळेही वाढतो आणि डॉक्टरही ती शक्यता आधी तपासतात.

तुमच्या मुलाच्या बाबतीत तोच दारूगोळा जंत नसताना स्वतःच्याच श्वासनलिकेच्या अस्तरावर पडतो आहे. याची सुरुवात बहुधा फार क्षुल्लक गोष्टीने होते. माळ्यावरच्या वाकळीत साठलेल्या धुळीतले अतिसूक्ष्म किडे, म्हणजे ज्यांना माइट म्हणतात ते, त्यांची विष्ठा श्वासातून आत जाते. निरोगी माणसाचे शरीर तिच्याकडे दुर्लक्ष करते. दम्याची प्रवृत्ती असलेल्या शरीराने मात्र तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्ये आधीच तयार करून ठेवलेली असतात आणि ती अस्तरातल्या मास्ट पेशींच्या अंगावर चिकटून बसलेली असतात. विष्ठेतला कण दोन प्रतिद्रव्यांना एकदम भिडला की मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन ही रसायने सोडते, स्नायू आवळतात, अस्तर सुजते आणि कफ सुटतो. तासाभरात बरे वाटते आणि घरचे निर्धास्त होतात. पुढच्या चार ते आठ तासांत दुसरी लाट येते, तिच्यात रक्तातून निघालेले इओसिनोफिल अस्तरात शिरतात आणि आपले दाणे तिथे रिकामे करतात. मध्यरात्री किंवा पहाटे मूल धापा टाकत उठून बसते, त्यामागे अनेकदा ही दुसरी लाट असते.

या लाटेत अस्तराचे पोपडे सुटतात. आपल्याकडे पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा जसा हाताला येतो, जवळजवळ तसेच अस्तराच्या पेशींचे पुंजके सुटून कफात येतात. विद्यार्थिदशेत एका दमेकऱ्याच्या बेडक्याची काच मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा त्या पुंजक्यांच्या शेजारी दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेले, काचेच्या सुयांसारखे स्फटिक पडलेले दिसले होते. शार्को आणि लायडेन या एकोणिसाव्या शतकातल्या दोन वैद्यांच्या नावाने ते ओळखले जातात आणि फुटलेल्या इओसिनोफिलमधल्या एका प्रथिनापासून ते बनतात. रणांगणावर पडलेली रिकामी काडतुसे असावीत, तसे ते दिसतात. लढाई झाली खरी, पण शत्रू कुठेच नव्हता, हे त्या काचेवरून कळते.

अस्तर उघडे पडले की खालच्या संवेदक नसा उघड्या पडतात, आणि मग गुऱ्हाळाचा धूर, थंड हवा, उदबत्ती, नुसते खदखदून हसणेसुद्धा त्या मुलाला खोकला आणते. जखम भरून काढायला शरीर धावते, परंतु दुरुस्ती अर्धवट असतानाच पुढचा मारा आला तर खालचा पडदा जाड होत जातो, कफ स्रवणाऱ्या पेशी वाढतात आणि तंतूंच्या पेशी कमी होतात. यात भर म्हणजे स्नायूंचा आवळाही अस्तराला इजा करतो. २०२४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातील जोडी रोझनब्लॅट यांच्या गटाने उंदरांच्या आणि माणसांच्या श्वासनलिकेच्या ऊतींवर दाखवून दिले की, नलिका आवळली गेली की अस्तरातल्या पेशींची इतकी चेंगराचेंगरी होते की त्या मोठ्या संख्येने अस्तरातून बाहेर ढकलल्या जातात. निळ्या पंपातल्या औषधाने नलिका मोकळी होते, पण पेशींचे हे बाहेर पडणे त्याने थांबले नाही, असेही त्यांना आढळले. म्हणून धाप लागल्यावर ती घालवणे पुरेसे नाही, ती लागूच नये याला महत्त्व आहे.

हे सारे एवढ्यासाठी सांगितले की यात प्रतिकारशक्ती कमी पडल्याची खूण मला दिसत नाही. ती आहे, भरपूर आहे, आणि चुकीच्या जागी खर्च होते आहे. याला एक पुरावा असा की, अतितीव्र दम्यासाठी अलीकडे निघालेली इंजेक्शने प्रतिकारयंत्रणेतला एकेक दुवा तोडण्याचे काम करतात. २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ओमालिझुमॅब आयजीईला पकडते, तर २०१५ मध्ये आलेले मेपोलिझुमॅब इओसिनोफिल वाढवणाऱ्या निरोपालाच अडवते. शक्ती कमी असल्यामुळे दमा होत असता, तर या औषधांनी रुग्ण अधिक आजारी पडले असते. प्रत्यक्षात योग्य रुग्णांमध्ये त्यांचे झटके कमी होतात. तुमच्या मुलाला अशा महागड्या औषधांची गरज नाही, मी फक्त युक्तिवादासाठी ती मांडली.

सासूबाईंच्या म्हणण्यात कणभर तथ्य आहे, तेही सांगायला हवे. काही दमेकऱ्यांच्या अस्तराच्या पेशी सर्दीच्या विषाणूंशी लढणारे इंटरफेरॉन कमी प्रमाणात बनवतात, असे संशोधनात दिसले आहे, आणि लहान मुलांतले बहुतेक झटके सर्दीपासूनच सुरू होतात. पण ही उणीव भरून काढेल असा कोणताही काढा माझ्या माहितीत नाही. शिवाय प्रत्येकाचा दमा इओसिनोफिलचाच असतो असेही नाही. काही प्रौढांत, विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, न्यूट्रोफिल या दुसऱ्याच पेशी पुढे असतात आणि तिथे पंपातल्या स्टेरॉइडचा गुण कमी येतो. तुमच्या मुलाचा ९ टक्क्यांचा आकडा, वय आणि झटक्याची हकिगत पाहता मात्र रोजच्या पंपाचा त्याला उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे.

आता पंपाविषयी. निळा पंप आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो, चार-सहा तास टिकतो आणि अस्तरातल्या माऱ्याला हातही लावत नाही. रोजचा पंप नेमके उलटे करतो. त्याने लगेच काहीच वाटत नाही, परंतु काही दिवस ते आठवडे नियमाने घेतला की इओसिनोफिलना बोलावणारे निरोप मंदावतात, आलेल्या पेशी मरून जातात आणि अस्तराला भरून यायला उसंत मिळते. ज्याने बरे वाटते ते खरे औषध आणि ज्याने काहीच वाटत नाही ते फुकटचे, हा हिशेब आपण सगळेच करतो, आणि दम्यात तो हमखास फसतो. ‘सवय लागते’ म्हणतात तीही नीट पाहा. पंप बंद केल्यावर काही आठवड्यांनी त्रास परत येतो, तो सवयीमुळे येत नाही, दबलेला दाह पुन्हा डोके वर काढतो म्हणून येतो. चष्मा काढल्यावर अंधुक दिसते म्हणून चष्म्याची सवय लागली, असे सासूबाई स्वतःच्या चष्म्याबद्दल म्हणणार नाहीत.

स्टेरॉइडची भीती मी झटकून टाकणार नाही. अमेरिकेत लहानपणी काही वर्षे रोज बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची मोजली, तेव्हा ती न घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. म्हणजे परिणाम आहे, आणि तो साधारण बोटाच्या रुंदीएवढा आहे. दुसऱ्या पारड्यात काय आहे ते आकड्यांत पाहू. तुमच्या मुलाला रोज २०० मायक्रोग्रॅम औषध मिळते, म्हणजे वर्षभराचे ७३ मिलिग्रॅम. जानेवारीतल्या त्या पाच दिवसांत गोळ्यांवाटे त्याच्या पोटात १५० मिलिग्रॅम स्टेरॉइड गेले. दोन्ही औषधांची ताकद वेगळी असल्याने वजनाला वजन लावणे शास्त्राला धरून नाही, हे मी कबूल करतो. पण पंपाचे औषध मुख्यतः छातीत काम करते आणि गोळीचे सर्वांगभर फिरते, हे लक्षात घेतले तर स्टेरॉइड टाळण्यासाठी पंप बंद करणे आणि मग झटका येऊन गोळ्या घेणे हा व्यवहार कोणत्या बाजूने तोट्याचा आहे, ते तुम्हीच ठरवा. फवाऱ्यानंतर चूळ भरून टाकायला लावा, म्हणजे तोंडात पांढरा थर येण्याचा त्रास टळेल, आणि दर सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीची खूण करून ठेवा.

आता ती शेवटची ओळ. पंपात किती फवारे असतात ते डबीवर छापलेले असते. बहुतेक ठिकाणी तो आकडा २०० असतो. रोज दोन याप्रमाणे तो १०० दिवसांत संपायला हवा. जूनच्या मध्यापासून आता नवरात्रापर्यंत त्याहून अधिक दिवस झाले आहेत. मग एक तर तुमचा पंप केव्हाच रिकामा झाला असून त्यातून नुसता वायू सुटतो आहे, कारण औषध संपल्यावरही पंप काही काळ फुसफुसत राहतो, किंवा मधले बरेच फवारे चुकले आहेत. मला दुसरी शक्यता अधिक वाटते. घरात रोज बोलणी बसत असताना, मूल हसत-खेळत असताना, संध्याकाळचा फवारा ‘आज राहू दे’ म्हणून राहिला असेल, तर त्यात तुम्हाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण डॉक्टरांना ते सांगा. पूर्ण औषधावर मूल बरे आहे असे समजून ते निर्णय घेतील आणि प्रत्यक्षात मूल अर्ध्याच औषधावर असेल, तर त्यांचा हिशेब चुकेल. कदाचित ते म्हणतील, अर्ध्यावर एवढा बरा आहे तर रीतसर मात्रा कमी करून पाहू. तसे झाले तर तुम्हाला हवे तेच होईल, फक्त चोरून न होता उघडपणे होईल.

मात्रा कमी करण्याची रीत आहे, ती मीही मानतो. सलग तीन महिने दमा नीट ताब्यात असेल तर डॉक्टर ती पाव ते निम्म्याने उतरवतात आणि पाहतात. एकदम बंद करणे निराळे. आणि मुहूर्त दसऱ्याचा नको, असे माझे स्पष्ट मत आहे. दसऱ्यानंतर दिवाळीचे फटाके, मग ऊसतोडी, गळीत हंगाम, शेतांत पेटलेले पाचट, गुऱ्हाळांची चुलवाणे आणि त्यातच थंडी व सर्दीचे दिवस. गेल्या हंगामात याच काळाच्या शेवटी, जानेवारीत, मूल रुग्णालयात गेले होते. घरात प्रयोग करायचाच असेल तर तो उन्हाळ्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावा, आणि पहिल्या पावसाच्या आत त्याचा निकाल पाहावा.

पंप तोंडाला लावून सरळ मारता की मध्ये स्पेसर म्हणजे प्लास्टिकचे नळकांडे वापरता, हे पत्रात नाही. नसेल तर घ्या. स्पेसरशिवाय औषधाचा मोठा भाग घशातच बसतो. पंपांचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, त्यामुळे घरात सर्वांना नाव वाचून ओळखायला शिकवा. काढ्याला माझी हरकत नाही, तुळस-आल्याचा घरचा काढा बिचारा कुणाचे वाईट करत नाही. हरकत आहे ती पंपाच्या जागी तो देण्याला, आणि त्याहून जास्त ‘दम्यावर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांना. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत, म्हणजे ज्याला भ्यायलो तेच न मोजता पोटात जाते. वाकळी आणि चादरी पंधरवड्याने कढत पाण्यात धुवा. माइट ५५ अंशांच्या वरच्या पाण्यात मरतात, गार पाण्यात नाही. भिंतीला ओल असेल तर त्याचा पलंग तिथून हलवा. काकांकडे जायला बंदी घालू नका, पण चुलवाण पेटलेले असताना त्याला रसाच्या बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवा आणि अंथरूण घरूनच न्या.

तालमीच्या बाबतीत मी आजोबांच्या बाजूचा आहे. दमा ताब्यात असलेल्या मुलाला कुस्ती वर्ज्य नाही, व्यायामाने त्याचा दमसास वाढतोच. तेल, ताक, हळद घालून मळलेल्या ओलसर मातीचा त्रास सहसा होत नाही. आखाडा नुकताच उकरून कोरडी माती उडत असेल त्या दिवशी मात्र जोर-बैठका बाहेर माराव्यात. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे अंग हळूहळू तापवावे, निळा पंप वस्तादांच्या हाताशी असावा आणि तो कसा द्यायचा हे त्यांना तुमच्यादेखत दाखवून ठेवावे. तालमीत धाप लागू लागली तर ती कुस्तीची तक्रार समजू नका, दाह ताब्यात नसल्याची ती खूण आहे.

आणि डॉक्टरांकडून एक कागद लिहून घ्या : रोज काय, त्रास वाढला तर काय, किती वेळा, आणि कधी निघायचे. निळ्या पंपाचा गुण चार तासही टिकेनासा झाला, एक वाक्य पुरे बोलता येईना, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. सीपीआर हे तुमच्याकडचे सरकारी रुग्णालय असो की जवळचे खासगी रुग्णालय, जे आधी येईल तिथे जा आणि वाटेतही त्या कागदाप्रमाणे निळा पंप देत राहा.

सासूबाईंशी बोलण्याचा प्रश्न उरतो. मला वाटते, त्यांना पुढच्या भेटीला सोबत न्यावे. नातवाच्या रक्ताचा तो कागद डॉक्टरांनी त्यांच्यासमोर ठेवून समजावला, तर तुमच्या तोंडून उलट उत्तर वाटणारी गोष्ट त्यांना कदाचित पटेल. जाताना जूनमधला तो पंप टाकून न देता पिशवीत घाला, आणि किती फवारे खरोखर दिले गेले ते आठवेल तसे कागदावर लिहून न्या.